आवडी सात, वेळ चाळीस मिनिटं

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी सावद्याची (जि. जळगाव). वय ४४. घरी केळीची शेती, हिशेब मीच ठेवते. मुलगा-मुलगी दोघं पुण्याला शिकतात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षानंतर लग्न झालं, शिक्षण तिथेच राहिलं. दोन-तीन वर्षांपासून मोबाइलवरून आणि वाचनालयातून आणून काहीबाही शिकते आहे: मोडी लिपी, पक्षी, नक्षत्रं, शाळेत आवडायचं ते गणित, इंग्रजी, कॉम्प्युटरवर हिशेब, आणि सासूबाईंच्या तोंडची आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी उतरवून घेणं. सात विषय, एकही पुरा नाही. जाऊबाई म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." वाचलेलं आठवड्यात विसरते. शिकवायला इथे कोणी नाही. परीक्षा नाही, नोकरी नाही, मग या वयात याचा उपयोग काय? सगळं सोडून एकच धरू का? ता. क. : मुलगा टॅब घे म्हणतो. घेऊ का?

ताई,

सगळं सोडून एकच धरू नका, आणि सातही एकदम चालवू नका. आवडी जास्त आहेत ही अडचणच नाही. सातही विषय तुमच्याकडे एकाच मापाने चाललेत, आज मोडी, उद्या पक्षी, परवा इंग्रजी. आणि कुठला विषय कुठवर आला म्हणजे "झाला" म्हणायचं, हे एकाचंही ठरलेलं नाही. अडचण ही आहे. हद्दच आखली नाही तर पुरं झाल्याचं कळणार कसं?

आपल्याकडे कपाशीत मूग-उडीद घेतात. मुख्य पीक एक, ओळींच्या मधे लवकर निघणारं दुसरं, आणि जे रान या हंगामात जमणार नाही ते पडीक. शिकण्याची आखणी तशीच करा. तीन महिन्यांना मुख्य विषय एक, त्याला रोजचा ठरलेला वेळ. जोडीला हलके दोन, ज्यांना टेबल-खुर्ची लागत नाही. उरलेल्या चारांना या हंगामात ठरलेला वेळ नाही, ते पुढच्या हंगामाला किंवा जमेल तसे. ते सोडलेले नाहीत, राखून ठेवलेत, असं वहीत सरळ लिहून ठेवा. नाहीतर मन त्यांच्याभोवती घुटमळत राहतं आणि हातातलंही होत नाही.

माझा कौल असा: मुख्य विषय मोडी, जोडीला सासूबाईंची गाणी आणि आकाश. गाणी आत्ताच, कारण मोडीची पुस्तकं पाच वर्षांनीही मिळतील, सासूबाईंच्या आठवणीतलं गाणं तेव्हा मिळेलच असं नाही. आकाशाला रात्रीची दहा मिनिटं आणि गच्ची पुरते. पक्षी थंडीवर ठेवा. गणित रविवारी, हौसेनं. इंग्रजी आणि कॉम्प्युटर हे वेगळे विषय म्हणून शिकूच नका, कामापुरते शिका. ते कसं, ते पुढे येईल.

"उपयोग काय" हा तुमच्या पत्रातला सगळ्यात टोचणारा प्रश्न आहे, म्हणून आधी त्याच्याकडे येऊ. नोकरी मिळणार नाही, हे खरं. पण तुमच्याकडच्या तीन गोष्टी, मोडी, आकाश आणि शेती, एकत्र आल्या की काय होतं ते पाहा. पेशवाईतल्या मोडी कागदावर सन असा लिहिलेला असतो: "खमस सबैन मया व अलफ". हे अरबी आकडे आहेत. खमस म्हणजे ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७५. हा सुहूर सन. त्यात कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ आणि जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १७७४ किंवा १७७५. वर्षाच्या मधेच हा फरक का पडतो? कारण हा सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलतो. त्याला मृगसालच म्हणत. सरकारी दप्तराचं वर्ष पेरणीला सुरू व्हायचं.

आता गच्चीवर जा. जानेवारीत रात्री आठ-साडेआठला पूर्वेकडे मृग चांगला वर आलेला असतो, मधले तीन तारे एका रेषेत. ती रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी. जूनमध्ये, ऐन "मृग लागला" म्हणतात तेव्हा, हेच नक्षत्र आकाशात शोधून सापडत नाही. सूर्यच त्याच्या अंगावर असतो, ते त्याच्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबर मावळतं. नुसती मोडी येणाऱ्याला ५९९ आणि ६०० हे पाठ करावं लागतं. नुसतं आकाश बघणाऱ्याला जुन्या दप्तराशी घेणं नसतं. शेतकऱ्याला मृग माहीत असतो, पण तो पंचांगातला. तिन्ही ज्याच्याकडे आहेत त्याला हे पाठ करावं लागत नाही, ते कळतं. वेगवेगळ्या आवडींचा खरा मोबदला मला इथे दिसतो: एका विषयातलं कोडं दुसऱ्या विषयातल्या साध्या माहितीने सुटतं.

याचा आपल्याच भागातला मोठा दाखला म्हणजे रानपिंगळा. या लहानशा घुबडाचा १८८४ नंतर भरवशाचा एकही नमुना नव्हता. एक नमुना १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून संग्रहालयात होता. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी ते जुने नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या आणि १९१४ ची नोंद बनावट निघाली, दुसऱ्याचा नमुना चोरून नवी चिठ्ठी लावलेली. ती बाजूला काढल्यावर खऱ्या नमुन्यांच्या जागा उरल्या, त्यांत आपलं खानदेश. १९९७ च्या नोव्हेंबरात त्या आणि त्यांचे सोबती शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि पक्षी दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पक्षी ओळखण्याचं ज्ञान तर लागलंच, पण त्याआधी कागद पारखण्याचं लागलं.

आता वेळ. रोज ४० मिनिटं, आठवड्याचे ५ दिवस, १२ आठवडे: ४० तास. एवढ्या वेळात सुवाच्य पेशवेकालीन मोडी पत्र सावकाश लावता येतं. घसटी, म्हणजे घाईत ओढून लिहिलेली, मोडी येत नाही, तिची या फेरीत अपेक्षाच ठेवू नका. वेळ एकच ठरवा. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार घराबाहेर पडता येत नाही, तेव्हाची ४० मिनिटं बहुतेक घरांत निघतात. पापड-कुरडयांचे दिवस, आखाजीला लेकी माहेरी येतात तो आठवडा, केळीची कापणी लागते ते दिवस, हे सगळे कॅलेंडरवर आधीच सुट्टी म्हणून खोडून टाका. ठरवून घेतलेली सुट्टी शिक्षण मोडत नाही. न ठरवता पडलेले चार दिवस मोडतात, कारण पाचव्या दिवशी माणूस अपराधी होऊन पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतो. तुमच्या सात विषयांच्या पहिल्या दहा-दहा पानांचं असंच झालं असणार. यावर उपाय लहान आहे: रोज अभ्यासावरून उठताना वहीत एक ओळ लिहायची, "उद्या इथून: पत्र तिसरं, ओळ चौथी." दहा दिवसांचा खंड पडला तरी त्या ओळीपासूनच सुरू करायचं, मागे जायचं नाही.

वाचलेलं राहत नाही, याचं कारण वय नाही. नवं पटकन उचलण्याचा वेग तिशीनंतर थोडा उतरतो हे खरं, पण शब्दसंग्रह आणि सामान्य माहिती साठीपर्यंत वाढत राहू शकते, आणि नवी गोष्ट अडकवायला तुमच्याकडे विशीतल्या मुलापेक्षा जास्त खुंट्या आहेत. भास्कराचार्य जन्मले शके १०३६ म्हणजे १११४ मध्ये. 'सिद्धांतशिरोमणी' ३६ व्या वर्षी लिहिला आणि 'करणकुतूहल' ११८३ मध्ये, म्हणजे वयाच्या ६९ व्या वर्षी. त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याचा. म्हणजे ४४ हे वय अडचणीत मोजूच नका.

राहत नाही याचं खरं कारण वाचण्याच्या पद्धतीत आहे. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण समजतो की आलं. अमेरिकेत रॉडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून पुढच्या प्रत्येक वेळी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. तुम्ही आठवड्याची तक्रार करताय, तर उपाय तोच: आठवून लिहा.

रीत अशी. वीस मिनिटं वाचा. पुस्तक किंवा मोबाइल पालथा घाला. पाच मिनिटं कोऱ्या पानावर आठवेल ते लिहा, क्रम चुकला तरी चालेल. मग मूळ मजकूर उघडून सुटलेलं लाल पेनने भरा. हे लाल झालेलं पान म्हणजे तुमचा खरा अभ्यास. काळं तर येतच होतं. पहिल्या आठवड्यात पान जवळजवळ लालच असेल आणि हे भारी त्रासाचं वाटेल. इथे पुष्कळजण सोडतात आणि पुन्हा व्हिडिओ बघण्याकडे वळतात, कारण व्हिडिओ बघताना सगळं कळत असतं. ते कळणं शिकवणाऱ्याचं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून लाल कमी व्हायला लागतं.

लालमधल्या महत्त्वाच्या गोष्टींच्या चिठ्ठ्या करा. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील, त्यांच्या कोऱ्या बाजूचे तळहाताएवढे तुकडे कापा. पुढे एक प्रश्न, मागे एक उत्तर, तेही चार-पाच शब्दांत. "सबैन?" मागे "७०". मिठाईच्या खोक्यात पुठ्ठा घालून तीन कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा दर रविवारी. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्यात. तिसऱ्या कप्प्यात दोन रविवार बरोबर आली की ती काढून महिन्याच्या पाकिटात टाका. जर्मनीत लाइटनर यांनी १९७२ मध्ये हीच पद्धत लोकांपुढे मांडली. यात एकच चूक सगळे करतात: उत्साहात पहिल्या दिवशी चाळीस चिठ्ठ्या. मग पंधरा दिवसांत रोजची उजळणी तासाभराची होते आणि खोकं माळ्यावर जातं. रोज नव्या पाचच. पाच दिवस, बारा आठवडे, म्हणजे ३०० चिठ्ठ्या. एका हंगामाला भरपूर झाल्या.

मोडीला शिक्षक नाही म्हणता. काही विषयांना शिक्षक लागतोच, गाणं किंवा तबला असता तर मी तुम्हाला भुसावळ-जळगावकडे पाठवलं असतं. मोडीला मात्र उत्तरपत्रिका छापील मिळते. मूळ पत्राचं छायाचित्र आणि समोर देवनागरी लिप्यंतर अशी पुस्तकं आहेत. तालुक्याच्या वाचनालयात विचारा, नसेल तर मागणीवहीत लिहा. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय ही जुनी ठिकाणं आहेत, तिथे एकदा दिवस काढून जाण्यासारखं आहे.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घोकू नका. एकाच वळणाची अक्षरं एकत्र घ्या आणि शेजारी शेजारी लिहा, फरक कुठे आहे तो हातालाच कळतो. आधी पूर्ण ओळीवर शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली लिहीत जायचं, हा मोडीचा मूळ रिवाज. शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणून नवशिक्याला अक्षरं येऊनही ओळ लागत नाही: शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. तेव्हा पत्राच्या ठरीव भागांपासून सुरू करा. "राजश्री", "विनंति उपरी येथील कुशल जाणोन", "बहुत काय लिहिणे", "हे विनंति" हे तुकडे असंख्य पत्रांत तेच असतात. ते आधी शोधा. ते सापडले की त्या लेखकाचा "र" कसा, "व" कसा, "ण" कसा हे हातात येतं, आणि त्याच्या अक्षरांचा छोटा तक्ता बाजूला करता येतो. मग मधला मजकूर. एका ओळीला दहा मिनिटं द्या. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजाने शब्द भरू नका. अंदाजाने भरलेला शब्द पुढची अख्खी ओळ चुकवतो, कारण मग डोळा जे आहे ते न बघता जे हवं ते बघतो. ओळ झाली की लिप्यंतराशी ताडा. जुन्या हिशेबी कागदात उभ्या दंडांनी पाव-अर्धा लिहितात, १। म्हणजे सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन, १६ आण्यांचा रुपया, ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी. तुम्ही रोजचे हिशेब लिहिता, हे तुम्हाला इतिहासाच्या प्राध्यापकापेक्षा लवकर जमेल.

घरात किंवा माहेरी जमिनीचे जुने कागद असतील तर त्यांना सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून शाई खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, वरून सरळ फोटो घ्या आणि अभ्यास फोटोवरच करा. एका कागदाचं पूर्ण लिप्यंतर झालं, तारखेसकट, की या हंगामातली मोडी झाली. ही तुमची हद्द. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती थोडी उरलीत ते सगळ्यांनाच जाणवलं. त्यामुळे "याला कोण विचारतो" असं म्हणायचं कारण नाही. पुढे जायचं असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. आणि एकदा धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन या. वि. का. राजवाडे कुठल्या विद्यापीठाच्या नोकरीत नव्हते. गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' २२ खंडांत काढली, आणि व्याकरण, शब्दांची व्युत्पत्ती, समाजशास्त्र यांतही तेवढ्याच हिमतीने लिहिलं. १९२६ मध्ये ते धुळ्यातच वारले. एकाच माणसाला इतक्या विषयांत शिरायचा अधिकार काय, हे त्यांच्या दप्तरापुढे उभं राहून विचारायचं धाडस होत नाही.

सासूबाईंची गाणी. "सांगा बरं एखादं गाणं" म्हणून खुर्चीवर बसवलं तर आठवत नाहीत, त्याचा दोष त्यांचा नाही. गाणं त्या कामाला किंवा त्या प्रसंगाला बांधलेलं असतं. झोक्याचं गाणं झोक्याजवळ विचारा, जात्यावरच्या ओव्या निवडण-टिपण चाललेलं असताना. आधी परवानगी घ्या, गाणं कुणाकुणाला ऐकवणार तेही सांगा. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर. टेबलावर ठेवला तर भांड्याचा प्रत्येक खणखणाट आत येतो. सुरुवातीला त्यांचं नाव, माहेरचं गाव, तारीख बोलून घ्या. गाणं आधी सलग म्हणू द्या, मधे तोडू नका. मग ओळीओळीने अर्थ विचारा, त्याच बैठकीत. उद्यावर टाकलं की राहतं. आणि लिहिताना त्यांचा उच्चार जसा आहे तसाच लिहा. शाळेतल्या मराठीप्रमाणे "दुरुस्त" केलेलं गाणं उतरवून घेण्यात काही अर्थ नाही, आपल्या बोलीतलं जे वेगळं आहे तेच तर जपायचंय. आठवड्याला एक गाणं, प्रत दोन ठिकाणी. बारा गाणी झाली की हद्द झाली. घरातल्यांची साथ मिळवायचाही हा चांगला रस्ता आहे, कारण या एका विषयात गुरू घरातच आहेत.

रविवारचं गणित भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तून घ्या, पण उत्तर बघून नाही. एक नमुना: नऊ हात उंच खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, वर मोर. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरकी झेप घेतो, दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? आधी चित्र काढा आणि अंदाज लिहा. बहुतेकजण निम्म्यावर, साडेतेरा म्हणतात. मग पडताळा: साप २७ हातांवर होता, गाठ साडेतेरावर पडली तर साप साडेतेरा हात चालला, मोर मात्र सव्वासोळाच्या जवळ. चाल सारखी नाही, म्हणजे गाठ बिळाच्या आणखी जवळ. आता रीत: खांबाचा वर्ग ८१, भागिले २७ म्हणजे ३, २७ वजा ३ म्हणजे २४, त्याचं निम्मं १२. साप १५ हात आला, मोरही १५. ९, १२, १५ चा काटकोन त्रिकोण बसतो. अंदाज चुकणं, तो का चुकला हे स्वतः पकडणं, आणि मग रीत पाहणं, या क्रमाने केलेलं गणित विसरत नाही. रीत आधी वाचली तर मंगळवारी गेलेली असते.

इंग्रजी आणि कॉम्प्युटर कामातून कसे शिकायचे? खताच्या गोणीवर ०:५२:३४ लिहिलेलं असतं. नत्र शून्य, स्फुरद ५२ टक्के, पालाश ३४ टक्के. २५ किलोच्या गोणीत स्फुरद १३ किलो, पालाश साडेआठ. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. एक तक्ता कॉम्प्युटरवर करा: गोणीचं वजन, टक्के, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात एक किलो अन्नद्रव्याला पडलेला भाव. सूत्र एकदाच लिहायचं, खाली ओढायचं. कीटकनाशकाच्या डब्यावरचा इंग्रजी मजकूर रोज एक परिच्छेद वाचा. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम आधी लक्षात ठेवा, लाल सर्वांत घातक. हे शिकणं केळीच्या हिशेबात लगेच दिसतं, आणि दुकानदाराला प्रश्न विचारताना तर फारच.

नोव्हेंबर लागला की हतनूर धरणावर जा. तुम्हाला जवळ आहे, हिवाळ्यात तिथे बाहेरगावचे पक्षी उतरतात. नाव शोधण्याआधी पाच गोष्टी टिपा: चिमणी-साळुंकी-कावळ्याच्या मानाने आकार, चोच, पाय, शेपूट, आणि पाण्यात होता की काठावर. पहिल्या थंडीत वीस पक्षी नीट ओळखले तरी चांगलं. मोबाइलवरचं ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप वेगळ्या वाटणाऱ्या नोंदी जाणकारांकडून तपासून घेतं, म्हणजे मोठी चूक दाखवायला माणूस मिळतो. मोबाइलवर मिळालेलं कुठलंही उत्तर मात्र दुसऱ्या एका ठिकाणी ताडल्याशिवाय वहीत पक्क्या शाईने लिहू नका. मराठी विश्वकोश फुकट आहे, तिथे पाहा.

एखादा विषय खरोखर सोडावा असं वाटलं तर सहा बैठका द्या. सहाव्या बैठकीनंतरही पुढे काय आहे ते बघायची ओढ नसेल तर सोडा, "इथवर आले, यासाठी सोडलं" एवढं लिहून. न आवडणारं ओढत बसल्याने आवडणारंही मरतं. पदवीची सल मनात असेल, आणि तुमच्या पत्रात ती मला दिसली, तर ती या सगळ्यात मिसळू नका. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची चौकशी स्वतंत्र करा. परीक्षेचा अभ्यास आणि हा अभ्यास दोन्ही चांगले आहेत, पण त्यांची घड्याळं वेगळी.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांना माहेरच्या जुन्या कागदांबद्दल विचारा, असतील तर फोटो काढू द्याल का म्हणा. म्हणीला उत्तर देण्यापेक्षा हे बरं, आणि तुम्हाला सरावाला नवं अक्षरही मिळेल.

आणि मला वाटतं ते उघड सांगतो: यातलं पुष्कळसं पैशात मोजता येणार नाही आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. घर, शेत, मुलं, येणं-जाणं यांत दिवस जातो. त्यातली चाळीस मिनिटं कुणाच्या मागणीशिवाय, फक्त तुमच्या कुतूहलाने चालतात. एवढं स्वतःचं असणं माणसाला लागतं. चाळिशीतल्या बाईला तर फार लागतं.

टॅब आत्ता नको. तीन महिन्यांना दोनशे पानी वही एक, काळं आणि लाल पेन, वाचनालयाची वर्गणी, एवढा खर्च पुरतो. खोकं आणि पत्रिका घरात आहेत. नवी वस्तू आली की पहिले पंधरा दिवस तिच्यातच जातात. बारा आठवडे झाल्यावर मोडी पत्रांचे फोटो मोबाइलवर मोठे करकरून डोळे दुखत असतील तर घ्या, पण दहा इंची पडद्याचा घ्या. सात-आठ इंचावर पूर्ण ओळ एका नजरेत मावत नाही, आणि मोडी वाचताना ओळ तुटली की शब्दही तुटतो.